आमच्या सुट्टीत बीच पाण्याखाली असतो

आमच्या घरात सुट्टी वर्षातून एकदाच येते आणि ती पितृपंधरवड्यात येते. आम्ही मखमलाबादचे फुलवाले. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेला थोडा निशिगंध. गणपती गेले की पंधरा दिवस कुणाला फूल लागत नाही. लग्न नाही, वास्तुशांत नाही, दुकानाचं उद्घाटन नाही, नवी गाडी कुणी घेत नाही म्हणून गाडीला हार नाही. लोक म्हणतात, या दिवसांत काही शुभ करू नये. आम्ही म्हणतो, बरं झालं बाई, जरा पाठ टेकता येईल.

बाकी वर्षभर पहाटे उठायचं, डोक्याला बॅटरी बांधून फुलं तोडायची, क्रेट भरायचे, टेम्पोत घालायचे आणि अंधारातच फुलबाजार गाठायचा. घरी परत येईपर्यंत ऊन चढलेलं असतं. मी धावते हे माझ्या ब्लॉगवर येणाऱ्यांना माहीत आहे, पण मी सगळं धावणं संध्याकाळी करते, डाव्या कालव्याच्या कडेने, म्हशी घरी निघालेल्या असतात तेव्हा. शाळेत लांब पल्ल्याला मी बरी होते. सर सकाळी मैदानावर बोलवायचे आणि मी तेव्हा वडिलांबरोबर गुलाब तोडत असायची. माहेर फुलांचं, सासर फुलांचं. सकाळ म्हणून जी काही चीज असते ती मला कधी मिळालीच नाही. याचा मला राग येतो का? येतो. खोटं कशाला बोलू!

शहरातल्या बायकांचा एक धावण्याचा ग्रुप आहे, त्यात मला घेतलंय. त्या सगळ्या सकाळवाल्या. मी ग्रुपमध्ये फक्त फोटो बघते आणि अंगठे दाखवते. गेल्या मे महिन्यात त्यांनी एका धरणाच्या काठचे फोटो टाकले. मागे सागाचं रान, पुढे वाळूची लांबच लांब पट्टी, तिला त्या सगळ्या ‘बीच’ म्हणतात. पट्टीवरून ओळीने धावणाऱ्या बायका, आणि समोर सूर्य थेट पाण्यातून वर येतोय. मी ते फोटो बाजारात, लग्नाच्या ऑर्डरची शेवंती मोजून देताना बघितले. एक फोटो तर इतक्या वेळा मोठा करून बघितला की नवरा म्हणाला, कुणी ओळखीचं आहे का त्यात? मला त्या वाळूवर, उगवत्या उन्हात, एक सकाळ धावायचं होतं. बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

म्हणून या पितृपंधरवड्यात जायचं ठरवलं. सासऱ्यांचं पान वाढून झालं, कावळ्यानेही फार ताटकळत ठेवलं नाही, आणि त्याच संध्याकाळी मी विषय काढला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पितरांच्या दिवसांत फिरायला कोण जातं, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने, म्हणजे सोमनाथने, माझी बाजू घेतली, की दुसऱ्या कुठल्या दिवसांत जाईल मग ती? शेवटी तोडगा निघाला की एकटीने जायचं नाही, थोरल्या जाऊबाईंना घेऊन जायचं. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. पंचावन्नच्या आहेत, आयुष्यात बस पकडण्यापुरत्यासुद्धा धावलेल्या नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “मी काय करू तिथं? तू पळशील, मी काय तुझ्या चपला राखू?” पण पिशवी त्यांनी माझ्या आधी भरली होती.

पहिला दिवस

स्कूटीवरून निघालो, मी पुढे, अक्का मागे, मधे पिशवी. जाणाऱ्यांसाठी सांगते, पेट्रोल नाशकातच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. मखमलाबादहून गिरणाऱ्याकडे जायचा रस्ता चांगला आहे, पण सध्या टोमॅटोचे दिवस. गिरणाऱ्यात पिकअप आणि ट्रॅक्टर असे काही आडवे-उभे लागलेले असतात की स्कूटीसुद्धा निघत नाही. आम्ही अडकलो तर अक्कांनी बसल्या जागेवरून तीन जणांना टोमॅटोचा भाव विचारला. आपल्याला काय करायचाय भाव, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, विचारायला काय जातंय? तिथे चहा आणि गरम भजी खाल्ली. पुढे हरसूलच्या रस्त्याला लागलं की शेतं मागे पडतात, भातखाचरं सुरू होतात आणि रस्त्याची अवस्था बघून तोंडातून शिव्या निघतात. पावसाने जागोजागी डांबर खाल्लंय. चारचाकीने जाणार असाल तर घाई करू नका.

फाटा कुठला, गाव कुठलं ते मी सांगणार नाही. ज्यांच्याकडे आम्ही खोली घेऊन उतरलो त्या यमुनाबाईंनी तशी अट घातलीय. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी तंबूवाले येतात, गाणी लावतात आणि बाटल्या टाकून जातात, त्या बाटल्या यमुनाबाईंच्या बकऱ्यांच्या पायात घुसतात. तर ज्यांना खरंच धावायचं आहे त्यांनी मला विचारा, मी सांगेन.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्याकडेही पितर होते. दुपारची वेळ, ओळखदेख नसलेल्या दोन सवाष्णी दारात उभ्या. आमचे पैसे, खोली वगैरे सगळं बाजूला राहिलं, आधी पानावर बसवलं. खीर, वडे, अळूची पातळ भाजी, कारलं, गवार, भोपळा, कढी. आमच्याकडे नुकतंच असंच जेवण झालेलं, तरी मी तीन वडे जास्त खाल्ले. अक्का तर यमुनाबाईंशी वड्याच्या पिठात ज्वारी किती आणि उडीद किती, यावर असं बोलत बसल्या की त्या दोघी शाळेतल्या मैत्रिणी वाटाव्यात.

नंतर यमुनाबाईंनी वाट दाखवली. त्यांच्या परसातून निघून रोपवनात शिरायचं, सागाच्या रानातून पाण्याच्या कडेकडेने जायचं, एक ओढा ओलांडायचा आणि टेकाडाला वळसा घातला की पलीकडे मोकळं. त्या मोकळ्या जागेबद्दल मी काही विचारलं नाही. मला ते उद्याच, स्वतःच बघायचं होतं. हीच माझी चूक, पण ती नंतर सांगते.

पहिली सकाळ

सवयीने अंधारातच जाग आली. अक्काही जाग्या होत्या. आम्ही दोघी अंथरुणात पडून होतो आणि काय करावं ते कळत नव्हतं. इतक्या वर्षांत जाग आल्यावर पडून राहायची वेळच आली नव्हती. अक्का म्हणाल्या, हात कसेतरीच होताहेत, काहीतरी तोडायला पाहिजे.

फटफटलं तशी मी बुटाच्या नाड्या आवळल्या आणि निघाले.

मैत्रिणींनो, सकाळी धावणं काय असतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला ते चाळिशीत कळलं म्हणून मी सांगणारच. रानात सकाळी जो पहिला धावतो तो रात्रभराची सगळी कोळिष्टकं तोंडावर घेतो. मी पंधरा-वीस जाळी तरी फोडली असतील. तोंडात गेली, पापण्यांना चिकटली, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझ्या आधी कुणीच गेलेलं नाही, ही सकाळ कुणी वापरलेलीच नाही! पायवाट ओली, सागाची पडलेली पानं बुटाखाली चपकचपक करत होती, कडेला तेरडा गुलाबी फुललेला, धुकं पाण्यावरून रानात शिरत होतं. संध्याकाळी धावताना दिवसभराचा शीण पायात असतो. सकाळी पाय रिकामे असतात हे मला माहीतच नव्हतं. एका ठिकाणी गुरं घेऊन निघालेले एक आजोबा भेटले, त्यांनी थांबून विचारलं, कुणी मागं लागलंय का? मी नाही म्हटलं तर ते मागे वळून खात्री करायला लागले.

ओढा ओलांडला, टेकाडाला वळसा घातला. आता पट्टी दिसणार म्हणून मी वेग वाढवला.

आणि पुढे पाणी. नुसतं पाणी. पायवाट सरळ त्या पाण्यातच शिरत होती. करवंदाची झुडपं कमरेपर्यंत बुडालेली, लांब एका बाभळीचा नुसता शेंडा वर. वाळू नाही, पट्टी नाही, काही नाही. सूर्य मात्र ठरल्यासारखा समोरून वर आला, फोटोतल्यासारखाच.

मी वेड्यासारखी काठाने इकडून तिकडे गेले. वाट चुकले असेन असं वाटलं. फोन काढून फोटो लावून बघितला तर मागचं टेकाड तेच, बाभूळही तीच. फोटोत ती वाळूवर अख्खी उभी होती.

यमुनाबाई पाण्याकडेच आल्या होत्या, धुणं घेऊन. मी त्यांना विचारलं, इथे वाळू असते ना हो? त्या म्हणाल्या, “असती ना. पन ती आता खाली हाय. धरान भरलंय. तुमी मे मधी या, मग बघा.”

मे मध्ये.

मी तिथेच दगडावर बसले आणि रडले. धरण पावसाळ्यानंतर भरतं हे काय मला माहीत नव्हतं? कालव्याच्या पाण्यावर शेती करणारी बाई मी! धरणात किती पाणी आहे हे आम्ही रोज एकमेकांना विचारतो. पण जायची तारीख मी पाण्याकडे बघून ठरवलीच नाही, बाजाराकडे बघून ठरवली. फुलवाल्याच्या घरात कुठलीही तारीख तशीच ठरते, बाळंतपणसुद्धा. वाळू उघडी पडते ती एप्रिल-मे मध्ये आणि एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. तेव्हा आमच्या घरात ताप आला तरी कुणी झोपत नाही. म्हणजे ज्या दिवसांत मला सवड असते त्या दिवसांत बीच पाण्याखाली असतो आणि बीच वर येतो तेव्हा मी झेंडूखाली असते. हे असंच राहणार, हे त्या दगडावर बसून मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं.

परत चालत आले. अक्कांनी विचारलं, पळून झालं का? मी हो म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

जेवणात नाचणीची भाकरी, खेकड्याचा रस्सा आणि लसणाची चटणी होती. तुम्ही गेलात तर यमुनाबाईंना खेकडे आधी सांगून ठेवा. अक्कांसाठी पिठलं केलं होतं, त्या या दिवसांत वशाट खात नाहीत. मी अर्धी भाकरी उष्टी टाकली. दुपारी अक्का ओसरीवर तेरडा घेऊन बसल्या. सुई-दोरा त्यांच्या पिशवीत होताच, तो घरी ठेवून त्या कुठे जात नाहीत. तेरडा टिकत नाही, बाजारात कुणी घेणार नाही, असं म्हणत म्हणत त्यांनी हातभर सर ओवला आणि यमुनाबाईंच्या नातीच्या केसात माळला. मग माझ्याजवळ येऊन बसल्या. यमुनाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

त्यांनी मला फोटो दाखवायला सांगितला. फोन लांब धरून बराच वेळ बघितला. या बाया रोज अशा पळतात का, असं विचारलं. मग म्हणाल्या, मला वाटायचं तू वजन कमी करायला पळतीस. मी त्यांना शाळेचं सांगितलं, सरांचं, गुलाबांचं. वीस वर्षं एका चुलीवर काढली, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. माझ्या केसात अडकलेलं एक जाळं तेवढं काढलं.

दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशी मी धावणार नव्हतेच. पण उजाडायच्या आत अक्का लुगडं नीट नेसून दारात उभ्या. म्हणाल्या, चल, दाखव मला कुठं ते. मी म्हटलं, तिथे काही नाही बघण्यासारखं. त्या ऐकेनात. यमुनाबाईही हंडा बाजूला ठेवून बरोबर आल्या.

चालत गेलो. अक्का पुढे, म्हणून कोळिष्टकं त्यांना. प्रत्येक जाळ्याला एक शिवी. टेकाडाला वळसा घालून पाण्याशी आलो तेव्हा समोर आभाळ तांबडं झालं होतं. अक्कांनी यमुनाबाईंना विचारलं, पाणी कुठपर्यंत उथळ आहे? यमुनाबाईंनी बोट दाखवलं, या दगडापासून त्या करवंदीपर्यंत गुडघ्याच्या खाली, त्याच्या पुढे एक पाऊल नाही. बाभळीकडे तर बघायचंही नाही. (हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. धरणाच्या पाण्यात गावातलं माणूस बरोबर असल्याशिवाय उतरू नका. वरून काही कळत नाही.)

अक्कांनी ओचा वर खोचला, चपला काठावर ठेवल्या आणि पाण्यात शिरल्या. पोटऱ्यांपर्यंत पाणी आलं तशा थांबल्या. पायाने खाली चाचपत होत्या. मी म्हटलं, अक्का, या बाहेर, गाळ असेल.

“गाळ नाय,” त्या म्हणाल्या. “वाळू हाय. संगे, मी तुझ्या बीचवर उभी हाय बघ. ये, पळ.”

मी बूट काढले. पाणी गार होतं आणि तळाला खरंच वाळू होती, थोडी भरड, टाचेखाली सरकणारी. दगडापासून करवंदीपर्यंत, मग परत, मग पुन्हा. पोटरीभर पाण्यात धावणं म्हणजे काय धावणं! पाय उचलत नाही, पाणी डोळ्यांत उडतं, दहा पावलांत दम लागतो. दोनदा मी आडवी पडले. सूर्य वर आला तेव्हा माझं तोंड त्याच्याकडे होतं आणि मी धावत होते. काठावर यमुनाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. अक्का मधोमध उभ्या राहून, मी जवळून गेले की पाण्यावर हात मारत होत्या. मग त्यांनीही चार-पाच पावलं भराभरा टाकली. पळाल्या असं मी म्हटलं तर त्या अजून नाही म्हणतात. घसरले होते म्हणतात.

मला तो फोटोतला बीच मिळाला नाही. हे मी अगदी खरं सांगते, कारण असल्या लेखांत शेवटी सगळं मिळाल्याचं लिहितात. पायाखाली वाळू लागत होती म्हणून तर ती जास्तच पाहिजे झाली.

घरी

दुपारी निघालो. यमुनाबाईंनी निघताना तांदूळ आणि नारळाने दोघींची ओटी भरली. खोलीचे आणि जेवणाचे पैसे शहरातल्या एका बऱ्या हॉटेलच्या जेवणापेक्षा कमीच झाले, पितरांच्या पानाचे त्यांनी घेतलेच नाहीत. गिरणाऱ्यात पुन्हा अडकलो.

चार दिवसांत घटस्थापना. मग काय, नऊ दिवस आणि दसरा, झेंडूत आम्ही बुडालोच. पाय दुखले तरी ते धावण्याने की उभं राहण्याने, हे कळेनासं झालं.

दसरा उरकल्यावर घरात एका गोष्टीची चिंता सुरू झाली, पुढच्या उन्हाळ्याची. अधिक महिना, ज्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो, तो या वेळी जेठात, म्हणजे मे-जूनमध्ये येतोय. त्या महिन्यात लग्नं लागत नाहीत. म्हणजे ऐन सीझनमध्ये महिनाभर हार नाहीत, मंडप नाहीत, देवाची काय ती फुलं जातील. सगळा फुलबाजार कपाळाला हात लावून बसलाय. सोमनाथ जेवताना झेंडू किती कमी लावायचा ते सांगत होता, तेवढ्यात अक्का मधेच म्हणाल्या, “मग तेव्हा वाळू उघडी असंल की.”

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं आणि माझा घास हातातच राहिला.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी पुन्हा कपाळाला हात लावला, पितरांत झालं, आता अधिकात का? शिवाय अक्कांचे जावई निफाडचे, त्यांना धोंडे खायला बोलवायचं, अनारसे करायचे, वाण द्यायचं. अक्का म्हणाल्या, जावयाला पहिल्या आठवड्यातच उरकून टाकू, जावई काही पळून जात नाही. आता फक्त एवढंच की पाणी तोपर्यंत किती मागे सरेल ते कुणी सांगू शकत नाही. गेल्या वर्षी अवकाळीने मे मध्येच झोडपलं होतं. मी अजूनही संध्याकाळी कालव्यावर धावते, म्हशी येतात, मी बाजूला होते आणि प्रत्येक वेळी मला वाटतं की ही वेळ चुकीची आहे.

परवा बाजारात आम्ही दोघी शेवंतीचे क्रेट उतरवत होतो. वर पत्र्याची शेड असल्यामुळे तिथे दिवस उगवलेला दिसत नाही, फक्त दिवे घालवतात तेव्हा कळतं. अक्का क्रेट उचलता उचलता थांबल्या.

“संगे, आत्ता तिथं उजाडलं असंल का गं?”

हा प्रश्न मी रोज याच वेळी, याच शेडखाली, मनातल्या मनात स्वतःला विचारत आले होते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो ऐकायची मला सवय नव्हती.

“उजाडलं असेल, अक्का,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आम्ही क्रेटला हात न लावता तशाच उभ्या राहिलो. समोर एक हारवाला शेवंतीचा भाव विचारत होता. त्याने दोनदा विचारलं, आमच्याकडे बघितलं आणि तो शेजारच्या गाळ्याकडे निघून गेला. आम्ही त्याला जाऊ दिलं.